खड्डा कोणता, इमारत कोणती: गोदीचा जुना कोरीव नकाशा वाचताना

जहाजाच्या गोदीचा जुना, तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेला नकाशा समोर आला की नजर आधी कोपऱ्यातल्या सजावटीवर जाते. तिथे त्रिशूळ घेतलेला दाढीवाला समुद्रदेव असतो, दोन-चार गुबगुबीत पोरं असतात, नांगर, दोरखंडाची वेटोळी, पिंपं आणि गाठोडी असतात. प्रतीकांचा अर्थ लावणारे सहसा इथेच बसून राहतात. त्यांनी सांगितलेलं काही खोटं नसतं. नांगर म्हणजे ख्रिस्ती परंपरेतली आशा, फळं सांडणारं शिंग म्हणजे सुबत्ता, मापपट्टीवर पाय फाकून ठेवलेला कर्कटक म्हणजे 'ही जागा आम्ही मोजली आहे' असा रुबाब. पण असली चित्रं कोरणाऱ्याच्या ठेवणीतली असत. तोच समुद्रदेव बंदराच्या नकाशावर दिसेल आणि किल्ल्याच्याही. आपल्याकडे लग्नपत्रिकेवर गणपती असतो, त्यावरून नवरदेवाचं गाव कळत नाही.

गोदी सांगणारी चिन्हं पाण्याजवळ असतात. ती वाचायला समुद्र पाहिलेला असावा लागत नाही. भंडारा-गोंदियाकडे मामा (माजी मालगुजारी) तलावाची पाळ, तुडूम (पाळीखालून पाणी सोडायची मोरी) आणि सांडवा पाहत वाढलेल्या माणसाला अर्धं काम आधीच येतं. फक्त एक उलटापालट डोक्यात ठेवायची. तलावाची पाळ पाणी आत धरते, सुक्या गोदीच्या भिंती पाणी बाहेर ठेवतात. किनाऱ्यात खोदलेला, दगडाने बांधून काढलेला हा लांबट खड्डा. भरतीला दार उघडतात, जहाज आत घेतात, ओहोटीला जमेल तेवढं पाणी जाऊ देतात, दार लावतात आणि उरलेलं उपसून काढतात. पाणी उतरेल तसं जहाज तळातल्या लाकडी ठोकळ्यांवर बसतं आणि त्याची बुडाची बाजू कामाला मोकळी होते. ओली गोदी मात्र खराखुरा तलाव असते. भरतीचं पाणी आत कोंडून ठेवायचं, म्हणजे बाहेर ओहोटी लागली तरी जहाज तरंगत राहतं आणि माल चढवता-उतरवता येतो.

म्हणून नकाशात सगळ्यात आधी दार शोधा. दाराच्या दोन झडपा सरळ रेषेत मिटत नाहीत. बैलगाडीच्या दोन दांड्या जुवापाशी जवळ येतात तशा त्या कोन करून मिटतात. या कोनाचं टोक नेहमी जास्त पाण्याकडे असतं, कारण पाण्याचा दाब झडपा एकमेकींवर दाबतो आणि फट घट्ट होते. उलटं बसवलं तर पाणीच दार उघडून टाकेल. टोक समुद्राकडे असेल तर गोदी सुकी, टोक आतल्या तळ्याकडे असेल तर ओली. नकाशावर एक अक्षर नसलं तरी एवढ्यावरून ओळख पटते. एकाच तोंडाशी विरुद्ध दिशांना टोकं असलेल्या दोन जोड्या दिसल्या, तर दोन्ही बाजूंचं पाणी अडवायची सोय केलेली आहे.

इथे एक चकवा आहे. काही नकाशांत झडपा नसतात, गोदीच्या तोंडात एक छोटी होडी आडवी पडल्यासारखी दिसते. नवखा माणूस 'आत जाणारं जहाज' म्हणून मोकळा होतो. ती होडी म्हणजेच दार. पोकळ, तरंगतं दार ओढत आणायचं, तोंडातल्या खाचेत बसवायचं आणि आत पाणी भरून बुडवायचं. उघडायचं तेव्हा त्यातलं पाणी काढलं की ते वर येतं. जहाज गोदीत शिरताना कधीच आडवं नसतं, एवढं लक्षात ठेवलं की चूक होत नाही.

दुसरं चिन्ह सावलीचं. नकाशा म्हणजे वरून पाहिलेली आकृती, मग आयत दिसला तर ते गोदाम की खड्डा? जुन्या कोरीव कामात बहुतेक वेळा उजेड वरच्या डाव्या कोपऱ्यातून येतो असं धरतात. उंच वस्तूची सावली उजवीकडे आणि खाली पडते, म्हणून तिच्या त्या दोन कडा जाड कोरतात. खड्ड्याचं उलटं. त्याची वरची आणि डावी कड आतल्या अंगाला सावली टाकते, म्हणून त्या जाड. शेतात कुटाराची गंजी आणि विहीर शेजारी-शेजारी असेल तर सकाळी बघून घ्या. गंजीची सावली सूर्याच्या विरुद्ध बाजूला बाहेर पडते, विहिरीत मात्र सूर्याकडचीच भिंत काळोखात असते. नकाशातली जाड रेष हेच सांगते.

हा उजेड खरा नसतो, संकेत असतो. उत्तर वर धरलेल्या नकाशात तो वायव्येकडून येतो. आपल्या विदर्भात माध्यान्हीचा सूर्य उत्तरेला झुकतो तो साधारण मेअखेरपासून जुलैच्या मध्यापर्यंत, आणि युरोपात तर कधीच नाही. तरी सगळ्यांनी तो मान्य केला, कारण लिहिणारा हात उजवा आणि दिवा डावीकडे ही टेबलावरची सवय. सगळे कोरणारे हा नियम पाळतातच असं नाही. त्यामुळे आधी ज्यावर नाव लिहिलं आहे अशी एखादी इमारत शोधायची, तिची जाड कड कोणती ते पाहायचं आणि मग त्याच मापाने बाकीचे आयत तपासायचे.

आता भिंग घेऊन एकच गोदी जवळून पाहू. दहापट मोठं दाखवणारं घड्याळजीचं भिंग पुरतं. गोदीचं आतलं टोक अर्धगोल किंवा निमुळतं असतं, कारण तिथे जहाजाची नाळ, म्हणजे पुढचं टोक, येते. तिथून दोन्ही बाजूंना पाच-सहा रेषा एकमेकींना धरून तोंडापर्यंत धावतात. त्या पायऱ्या. बारवेच्या पायऱ्या असतात तशाच, पण पाणी भरायला नव्हे. जहाज ठोकळ्यांवर बसताना ते कलंडू नये म्हणून दोन्ही बाजूंनी लाकडी टेकू लावतात, त्या टेकूंचं बूड या पायऱ्यांवर टेकतं. पाणी जसं उतरतं तसे टेकू वरच्या पायरीपासून खाली लावत जायचं, दोन्ही बाजूंनी एकाच वेळी. एका अंगाचा टेकू आधी ठोकला तर जहाज दुसरीकडे सरकतं.

मधोमध बारीक आयतांची रांग दिसेल. ते ठोकळे. जहाजाचा तळातला कणा त्यांच्यावर बसतो. ठोकळ्यांमध्ये अंतर असतं ते माणसाला खाली शिरून फळी बदलता यावी म्हणून. सगळ्यांची माथी एका रेषेत हवीत. एखादा ठोकळा खाली राहिला तर तेवढ्या जागी कणा अधांतरी राहतो आणि जहाजाच्याच वजनाने वाकतो. पाण्यात पाणी सगळीकडून उचलून धरतं, गोदीत ते काम ठोकळ्यांवर येतं. नकाशातल्या या बारक्या चौकोनांकडे कोणी ढुंकून पाहत नाही आणि समुद्रदेवाची मात्र फ्रेम होते.

तळाच्या दोन्ही कडांना बारीक दुहेरी रेषा असतील तर त्या नाल्या. त्या एका गोल किंवा चौकोनी खुणेपाशी जातात, ती उपशाची विहीर. तिथून तुटक रेषा बाहेर जाते. तुटक म्हणजे झाकलेलं, जमिनीखालचं. इथे आपल्याच सवयीने फसायला होतं, कारण गावनकाशात दुहेरी तुटक रेष म्हणजे गाडरस्ता. गोदीच्या नकाशात 'भिंतीतून जाणारा रस्ता' दिसला तर तो रस्ता नव्हे, दगडी मोरी आहे, तुडुमातून पाळीखालून पाणी जातं तशी.

खोली नकाशात दिसत नाही. त्यासाठी खाली किंवा बाजूला उभा छेद काढलेला असतो. मुख्य नकाशात एक रेष आरपार जाते, तिच्या दोन टोकांना अक्षरं असतात आणि तीच अक्षरं छेदावर येतात. रेष कुठून जाते ते न पाहता छेद वाचू नये. दाराजवळून घेतलेला छेद आणि मधून घेतलेला छेद वेगळे असतात, कारण तळ समुद्राकडे किंचित उतरता असतो. छेदात सगळ्यात मोलाची जागा म्हणजे उंबरठा, ज्यावर दार टेकतं. गोदी कितीही लांब-रुंद असो, उंबरठ्यावर पाणी किती आणि दारात रुंदी किती यावरच कोणतं जहाज आत येईल ते ठरतं.

छेदात पाण्याच्या दोन आडव्या रेषा असतात, भरतीची आणि ओहोटीची. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण, म्हणजे भरती जास्त आणि ओहोटीही खोल. अष्टमीच्या आसपास भांग, दोन्हींत फरक कमी. मुंबईत उधाणाला भरती-ओहोटीत साधारण साडेतीन-चार मीटरचा फरक पडतो. समजा उंबरठ्यावर उधाणाला १७ फूट पाणी येतं, भांगाला १४, आणि जहाज १५ फूट बुडतं. म्हणजे ते उधाणाच्या चार-दोन दिवसांतच आत येणार आणि पुढच्या उधाणाशिवाय बाहेर पडणार नाही. नकाशावर कोरलेली एक आडवी रेष म्हणजे पंधरा दिवसांचं पंचांग असतं. बाहेरच्या पाण्यात विखुरलेले आकडे खोलीचे. इंग्रजी नकाशांत ते बहुधा फॅदममध्ये असतात, एक फॅदम म्हणजे ६ फूट. ते ओहोटीच्या पाण्यापासून की भरतीच्या, हे शीर्षकाजवळ बारीक अक्षरात दिलेलं असतं. ते आधी वाचा.

मोजमापात सगळ्यात जास्त चुका होतात. समजा मापपट्टीवरचे १०० फूट तुमच्या प्रतीत ६२ मिलिमीटर भरले आणि गोदीचा तळ ११८ मिलिमीटर. ११८ भागिले ६२, गुणिले १००, म्हणजे १९० फूट. इंग्रजी फूट असेल तर ५८ मीटर. पण नकाशा क्रांतीपूर्व फ्रान्सचा असेल तर तिथला फूट ३२.४८ सेंटिमीटरचा, इंग्रजी ३०.४८ चा. तेच १९० फूट आता जवळपास ६२ मीटर होतात. फ्रेंच नकाशात 'तुआझ' असा शब्द असेल तर एक तुआझ म्हणजे त्यांचे ६ फूट, १.९५ मीटर. म्हणून आकडा वाचायच्या आधी फूट कोणाचा ते ठरवायचं.

माप नेहमी छापलेल्या पट्टीवरून घ्या, 'इंचाला इतके फूट' या ओळीवरून नाही. कोरीव पत्र्यावरून छापताना कागद ओला करतात, तो वाळताना आक्रसतो. पट्टीही त्याच कागदावर असल्याने तीही तेवढीच आक्रसते आणि हिशेब जुळतो. फक्त कागद लांबीत आणि रुंदीत सारखा आक्रसत नाही, तेव्हा पट्टी आडवी आणि गोदी उभी असेल तर शंभराला एक-दोनचा फरक सोडून द्यायचा.

मुंबईच्या गोद्यांचे नकाशे पाहताना आणखी एक गोष्ट लागते. जहाजं बांधणारे पारशी कारागीर लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईला आले. १७५० मध्ये पहिली सुकी गोदी झाली आणि पुढे तिच्याच रेषेत आणखी दोन. नकाशात तीन खड्डे एकामागे एक, मध्ये दारं. वरच्या, म्हणजे जमिनीकडच्या, गोदीतलं जहाज बाहेर काढायचं तर मधली आणि खालची मोकळी हवी. धानाच्या बांध्यांमध्ये पाणी एका बांधीतून दुसरीत जातं, वरच्याचं काम खालच्यावाचून अडतं, तसाच हा कारभार. ज्या नकाशात गोद्या शेजारी-शेजारी स्वतंत्र तोंडांच्या आहेत तिथे ही अडचण नसते, पण तोंडं बांधायला खर्च जास्त. म्हणजे एकामागे एक की शेजारी-शेजारी, यात पैसा आणि वेळ यांचं भांडण दिसतं.

मुंबईचीच डंकन गोदी १८१० मध्ये पूर्ण झाली. मुंबईत बांधलेलं 'कॉर्नवॉलिस' जहाज १८१३ मध्ये पाण्यात उतरलं. चीन आणि ब्रिटन यांचा नानकिंगचा तह १८४२ मध्ये त्याच जहाजावर झाला. 'ट्रिंकोमाली' १८१७ चं, सुमारे १५० फूट लांब आणि ४० फूट रुंद. ते आजही इंग्लंडात हार्टलपूलला पाहायला मिळतं. सागवान म्हटलं की आपल्याला आलापल्ली आठवते, पण या जहाजांचं लाकूड मुख्यतः मलबारचं. 'ट्रिंकोमाली'चे आराखडे लंडनहून 'जावा' या जहाजावरून निघाले होते. डिसेंबर १८१२ मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या 'कॉन्स्टिट्यूशन'ने ते पकडलं आणि आराखडेही गेले. नवी प्रत येईपर्यंत काम थांबलं. आराखडा हा तेव्हा असा एकुलता ऐवज होता.

'ट्रिंकोमाली'चा कणा बसवताना पारशी रिवाजाप्रमाणे चांदीचा खिळा ठोकला गेला. घराची चौकट बसवताना आपण हळद-कुंकू लावतो, पायात नाणं टाकतो, त्याच जातीची ही गोष्ट. नकाशात मात्र तो खिळा कुठेच नसतो. तिथे कण्याच्या जागी मधोमध फक्त एक बारीक रेष असते, आणि सगळी मापं तिच्यापासून दोन्हीकडे घेतलेली असतात. शुभकार्य कुठे होतं ते बघायचं तर बोट त्या रेषेवर ठेवावं.

आकारावरून किती सांगता येतं आणि किती नाही, हे लोथलला कळतं. गुजरातमधल्या या हडप्पाकालीन गावात सुमारे २१५ मीटर लांब आणि ३६-३७ मीटर रुंद, विटांनी बांधलेली टाकी उत्खननात निघाली. उत्खनन करणाऱ्या एस. आर. राव यांनी तिला गोदी म्हटलं, काही अभ्यासकांनी पाणी साठवायचा तलाव. दोघांसमोर नकाशा एकच. वाद पाणी आत यायच्या आणि बाहेर जायच्या जागांवर आहे: त्यातून होडी शिरेल का, की नुसतं पाणी? आपल्या भागात बोडी (छोटं तळं) कोणती आणि तलाव कोणता यावर वाद घालताना लोकही आधी पाळीकडे नाही, तोंडाकडे बोट दाखवतात.

वऱ्हाडाचा या सगळ्याशी संबंध कापसाच्या गाठींचा. खामगावची रेल्वे १८७० ची, मुंबईतली ससून गोदी १८७५ ची, प्रिन्सेस गोदी १८८० ची. या दोन्ही ओल्या गोद्या, माल चढवायच्या. त्या काळच्या नकाशात धक्क्याला लागून शेडच्या लांब पट्ट्या आणि त्यांच्यात शिरणारे रुळांचे काटे दिसले तर ती कापसासारख्या मालाची वाट आहे. दुरुस्तीच्या गोदीभोवती शेड असतात त्या आखूड, आणि तिथे लाकडाची कोठारं, लोहारकाम, दोरखंडाची लांबच लांब पडवी असते. दोर वळायला लांबी लागते म्हणून ती इमारत वरून पाहिली की काडीसारखी दिसते.

आता प्रत खरी की नक्कल, हे पाहायचं. तांब्याच्या पत्र्यावर खोल कोरून, खाचेत शाई भरून, दाबयंत्राखाली छापलेल्या कागदावर पत्र्याच्या कडेचा दबलेला चौकोन उमटतो. टॉर्च अगदी आडवा धरला तर तो दिसतो, आणि रेषेतली शाई किंचित उंच उभी असते. भिंगातून ठिपक्यांची जाळी दिसली तर ते नंतरचं यांत्रिक छापकाम. पत्र्यावर सगळं उलटं कोरावं लागतं, त्यामुळे एखादं अक्षर उलट राहिलेलं सापडतं. ती नक्कल असल्याची खूण नाही. खाली डावीकडे 'डेलिन' असं आखुडलेलं असेल तर तो आखणारा, उजवीकडे 'स्कल्प' म्हणजे कोरणारा. कागदातल्या पाणछापावरचं साल हे कागदाचं साल, नकाशाचं नव्हे. एकच पत्रा अनेक वर्षं वापरत, आणि झिजल्यावर बारीक रेषा आधी जात.

रंग हाताने भरलेला असतो. फ्रेंच इंजिनिअरांच्या रिवाजात लालसर म्हणजे झालेलं दगडी बांधकाम, पिवळा म्हणजे करायचं ठरलेलं. पिवळी गोदी दिसली तर ती तेव्हा बांधलेली नव्हती, एवढंच त्यातून म्हणता येतं. पाण्याला लावलेला तांब्याचा हिरवा रंग काळाने कागद जाळतो. तिथे कागद तपकिरी आणि ठिसूळ झालेला असतो, त्याची घडी कधीच घालू नये.

आपल्याकडे बहुतेकांच्या हाती संग्रहालयांच्या संकेतस्थळावरून घेतलेली प्रत येते. ती तालुक्याच्या फ्लेक्सवाल्याकडे छापताना लांबी-रुंदीचं प्रमाण कायम ठेवायला सांगा, नाहीतर दोन्ही वेगवेगळी ताणली जातात आणि वरचा सगळा हिशेब वाया जातो. छापून आल्यावर दिशाचक्राचं वर्तुळ उभं आणि आडवं मोजा. दोन्ही सारखं भरलं तर प्रत ठीक.

मूळ कागद असेल तर त्याला लॅमिनेशन नको आणि चिकटपट्टी तर नकोच, तिचा डिंक पिवळा होऊन आत उतरतो. मातीच्या भिंतीला टेकवून ठेवला की पावसाळ्यात ओल येते आणि मागून उधई. भिंतीपासून दोन बोटं अंतर ठेवा, फ्रेमच्या मागे बुचाचे तुकडे लावले तरी चालतं. कसर लागू नये म्हणून कडुनिंबाचा पाला थेट कागदावर ठेवतात, त्याचे डाग पडतात. पाला ठेवायचाच तर कपड्याच्या पुरचुंडीत, पेटीच्या कोपऱ्यात. आणि फ्रेमवाल्याला कडेचा पांढरा कागद कापू देऊ नका. कोरीव चित्रांच्या हक्कांबद्दलच्या १७३५ च्या कायद्यानंतरच्या इंग्रजी छापांवर प्रकाशकाचं नाव आणि तारीख बहुधा त्याच पट्टीत, चित्राच्या खाली अगदी बारीक अक्षरात असते.